शाळा कोणास नको आहे?

सुधारणेच्या पक्षातील मनुष्यास शाळेच्या विरुद्ध लेखणी उचलावी लागावी, ह्याहून अवघड प्रसंग क्वचितच येत असेल. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा घातली, ते कृत्य ज्या पक्षास आजही वंदनीय वाटते. १९११ साली नामदार गोखले ह्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलात आणले व सरकारी मतांच्या जोरावर ते पाडण्यात आले, त्याचा विषाद ज्या पक्षास अद्याप आहे. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात तेच शिक्षण सक्तीचे व मोफत करून दाखविले, ह्याचा ज्यास अभिमान आहे, त्याच पक्षाचे आम्ही आहो. शाळा म्हटली की आमचा हात न विचारता वर जातो. आणि आमच्यासारख्यांचा हात असा न विचारता वर जातो हे ओळखूनच हल्ली शहरोशहरी मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारी मंडळी शाळेचे नाव पुढे करू लागली आहेत. म्हणून हा विषय आज घेणे भाग आहे.

हा वाद कसा उभा राहतो त्याचा क्रम आता बहुतेकांस पाठ झाला असेल. शहराच्या आराखड्यात एक तुकडा हिरव्या रंगाने दाखविलेला असतो. कोणी एखादी संस्था, कधी खुद्द नगरपालिकाच, त्यावर शाळा बांधण्याचे योजिते. कागदपत्रे आतल्या आत फिरतात. एके सकाळी पत्र्यांचे कुंपण पडते, खडी येऊन पडते, आणि तेव्हा कोठे शेजारच्या लोकांस जाग येते. मग दोन तट पडतात. ज्यांची मुले चार-पाच वर्षांची आहेत ते एका तटात; ज्यांस डॉक्टरने रोज चालावयास सांगितले आहे, ज्यांची नातवंडे घसरगुंडीवर खेळतात, ते दुसऱ्या तटात. पहिले दुसऱ्यांस विद्येचे वैरी म्हणतात. दुसरे पहिल्यांस जमिनीचे दलाल म्हणतात. ह्या गदारोळात मूळ प्रश्न कोणी विचारीतच नाही. तो असा की, शहराने एकदा सर्वांच्या उपयोगासाठी मोकळी म्हणून राखलेली जागा, तिच्याहून चांगले काम सापडले एवढ्याच कारणाने काढून घेण्याचा अधिकार कोणास आहे काय?

हा प्रश्न नेमक्या ह्याच रूपात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. दिल्लीच्या दक्षिण अंगास सरिता विहार नावाची वसाहत आहे. दिल्लीची आखणी व विकास करण्याचे काम १९५७ च्या कायद्यान्वये दिल्ली विकास प्राधिकरणाकडे आहे. ह्या प्राधिकरणाने सदर वसाहतीत बागेसाठी असलेल्या जागेतून एक तुकडा काढून तो एका नर्सरी शाळेस, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या लहानग्यांच्या शाळेस, दिला. शाळा उभी राहिली. वसाहतीतील काही रहिवाशांनी हरकत घेतली व ते भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९५ साली निकाल झाला. निकालपत्र लहानसे आहे. परंतु ज्या कोणास नगरपालिकेच्या सभागृहात बसावयाचे असेल त्याने ते एकदा वाचावे, अशी आमची शिफारस आहे.

न्यायालयाने प्रथम असे ठरविले की, ही जागा बागेचाच भाग होती. पुढे असे ठरविले की, बागेसाठी असलेल्या जागेतून नर्सरी शाळेसाठी तुकडा कोरून देण्यास प्राधिकरण मुखत्यार नव्हते. आणि ही देणगी म्हणजे अधिकाराचा दुरुपयोग होय. देणगी रद्द झाली. शाळेच्या वतीने सांगण्यात आले की, इमारत पक्की बांधलेली आहे. न्यायालयाने उत्तर दिले की, जागाच मुळी कायदा मोडून मिळालेली असल्यामुळे इमारत पक्की की कच्ची ह्यास महत्त्व नाही. वकिलीच्या धंद्यात हा 'पक्क्या इमारतीचा' मुद्दा आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, हे उत्तर वाचून आम्हांस विशेष समाधान झाले. दुसऱ्याच्या शेतात आपण विहीर खणली, ती दगडांनी बांधून काढली, तिला पाणीही गोड लागले, म्हणून शेत आपले होत नाही.

नंतर आला तो खरा मुद्दा. शाळा हलविल्यास चिमुकल्या मुलांचे हाल होतील! ह्या एका वाक्यापुढे भल्याभल्यांची लेखणी थबकते. न्यायालयाची थबकली नाही. केवळ सहानुभूती मिळविण्यासाठी हा मुद्दा काढला आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ही मुले जवळपास जेथे अशी शाळा निघेल तेथे जाऊ शकतील, मग ती हीच संस्था काढो वा दुसरी कोणी. तथापि मुलांची एकाएकी गैरसोय होऊ नये म्हणून शाळेस दुसरी व्यवस्था करण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे मुलांविषयी खरी कळकळ होती तेथे ती मुदतीच्या रूपाने दाखविली, आणि जेथे ती केवळ ढालीसारखी पुढे धरली होती तेथे ती ढाल बाजूस सारली. हा विवेक आपल्या सार्वजनिक चर्चांत फार दुर्मिळ झाला आहे.

ह्या निकालाच्या आगेमागे आणखी दोन निकाल झाले आहेत, तेही येथे सांगणे अवश्य आहे. १९९१ साली बंगळूरचे प्रकरण निकालात निघाले. तेथे राजमहाल विलास विस्तारात सार्वजनिक बागेसाठी राखलेली जागा, सरकारी आज्ञेच्या आधारावर, एका खासगी संस्थेस इस्पितळ बांधण्याकरिता देण्यात आली होती. १९९४ साली हरियाणातील ठाणेसरचे प्रकरण निघाले. तेथे नगररचना योजनेत जमीनमालकांनी आपल्या जमिनीचा हिस्सा सोडून जी मोकळी जागा शहरास दिली होती, ती एका संस्थेस धर्मशाळा बांधण्यास दिली होती. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने जागा मोकळी राखण्याचाच पक्ष घेतला. आता ह्या तीन प्रकरणांतील लाभार्थी पाहा. बंगळुरास रुग्ण, ठाणेसरास वाटसरू, सरिता विहारात बालक! तिघांपैकी एकाविरुद्ध तरी कोणी सज्जन तोंड उघडील काय? बाग तोडून तेथे दारूचे दुकान घालतो म्हणून अर्ज आल्याचे कधी कोणी ऐकले नसेल. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण होते ते नेहमी सोवळे नेसूनच येते.

बंगळूरच्या निकालात न्यायमूर्ती आर. एम. सहाय ह्यांनी एक विचार मांडला आहे, त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतो. पूर्वी बागबगीचे ही राजेरजवाड्यांची व धनिकांची चैन होती. रम्य स्थळी मोकळी हवा खाणे हा थोड्यांचा हक्क होता. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत समतेची कल्पना वाढली, सामान्य मनुष्याची किंमत वाढली, आणि त्याबरोबर सार्वजनिक बाग जन्मास आली. ती लोकांनी लोकांस दिलेली भेट आहे. बाग ही श्रीमंती थाटाची वस्तू आहे, शाळा मात्र गरिबांची आहे, अशी जी समजूत करून दिली जाते ती ह्या इतिहासाच्या अगदी उलट आहे. ज्याच्या बंगल्यास स्वतःचे अंगण आहे त्यास नगरपालिकेच्या बागेवाचून काय अडते? ज्याच्या एका खोलीत सात माणसे निजतात त्यास ती लागते. मुंबईत वरळीस 'अभ्यास गल्ली' म्हणून एक रस्ता आहे. जवळच्या चाळींतील मुले घरात जागा व निवांतपणा नाही म्हणून तेथे दिव्याखाली पुस्तके घेऊन बसत आली आहेत. त्या मुलांच्या बाबतीत मोकळी जागा ही शाळेची प्रतिस्पर्धी आहे की शाळेचाच एक वर्ग आहे, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा.

कोणी म्हणेल, सरिता विहारातील शाळा सरकारची नव्हती, म्हणून हा न्याय लागू पडला; सरकारी किंवा नगरपालिकेची, सर्वांस मोफत असलेली शाळा असती तर? शंका योग्य आहे, व तिचे उत्तर शोधण्यास आम्ही वाचकांस थोडे दूर नेतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टफील्ड म्हणून एक लहान शहर आहे. घोड्यांचे चाबूक बनविण्याबद्दल ते एके काळी इतके प्रसिद्ध होते की अजूनही त्यास चाबकांचे शहर म्हणतात. ह्या शहराच्या मालकीचे एक खेळाचे मैदान होते. थकलेल्या कराच्या वसुलीत ती जमीन १९३९ साली शहराकडे आली, आणि पुढे साठाहून अधिक वर्षे मुले तेथे खेळत राहिली. २०११ साली नगरमंडळाने ही जागा उद्यानखात्याकडून काढून शाळाखात्याकडे देण्याचे व तेथे सार्वजनिक प्राथमिक शाळा बांधण्याचे ठरविले. शाळा लोकांची, जागा लोकांची, ठराव लोकांनी निवडलेल्यांचा. येथे तरी अडचण कसली? तरीही काही नागरिकांनी २०१२ साली फिर्याद लावली.

त्या राज्याच्या घटनेत ९७ वे कलम आहे. ते १९७२ साली मतदारांच्या संमतीने घातले गेले. त्याप्रमाणे स्वच्छ हवा, पाणी, निसर्ग ह्यांच्या रक्षणार्थ मिळविलेली सार्वजनिक जमीन दुसऱ्या कामास लावावयाची तर राज्याच्या कायदेमंडळाच्या दोन्ही सभांत दोनतृतीयांश मते पडली पाहिजेत. शहराची कैफियत अशी की, आमच्या दस्तऐवजांत ही जागा कायम मैदान राहील अशी अट कोठेही नोंदलेली नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ही कैफियत फेटाळली. १९७९ साली ह्या मैदानाच्या सुधारणेकरिता शहराने मध्यवर्ती सरकारच्या निधीतून पैसा घेतला होता. त्या निधीची अटच अशी की, ज्या मैदानास तो लागला ते मैदानच राहिले पाहिजे. शहराने पैसा घेतला, लोकांनी मैदान वापरले, एवढ्याने ती जागा लोकांस अर्पण झाली, असे न्यायालयाने म्हटले. शाळा वाईट आहे असे कोणीही म्हटले नाही. मात्र नगरमंडळाने साध्या बहुमताने करावयाचे हे काम नव्हे. करावयाचेच तर मोठ्या सभेत, उघड्यावर, दोनतृतीयांशांची संमती घेऊन करा, एवढेच सांगितले. आमच्याकडील न्यायालये व तिकडील न्यायालय ह्यांची वाट निराळी, कायदा निराळा. परंतु सार्वजनिक संस्था ही लोकांच्या मोकळ्या जागेची धनी नसून विश्वस्त आहे, ह्या एका मुक्कामावर दोन्ही वाटा येऊन मिळतात.

विश्वस्त शब्दाचा अर्थ आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको. एखाद्या पेढीवर कोणी अन्नछत्रासाठी म्हणून रक्कम ठेवली. पेढीच्या चालकाने ती काढून धर्मशाळेच्या जिन्यास लावली. जिना आवश्यक होता, पडावयास आला होता, वृद्ध यात्रेकरूंचे पाय मोडत होते. हे सर्व खरे. तरी वर्षअखेर हिशेब तपासणारा त्या रकमेसमोर काय लिहील? आणि दुसऱ्या वर्षी त्या पेढीवर ठेव ठेवावयास कोण येईल? नगररचनेत मोकळ्या सोडलेल्या जागा ह्याही अशाच ठेवी आहेत. ठाणेसरास तर त्या अक्षरशः लोकांनी आपापल्या जमिनीतून कापून दिलेल्या होत्या.

मग शाळेसाठी बागच का आठवते? आमच्या मते ह्याचे कारण अगदी साधे व रोकडे आहे. शहरात जमीन विकत घ्यावयाची तर पैसा पडतो. संपादन करावयाची तर मोबदला, नोटिसा, न्यायालये. कोणाचे घर उठवावयाचे तर तो मोर्चा आणतो. बागेस मात्र मालक नाही, भाडेकरू नाही, झाडांस मत नाही. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की काम झाले. शाळेस म्हणून जी जागा 'फुकट' मिळाली असे ठरावात लिहितात, ती फुकट नसते. तिची किंमत भरणारी मुले त्या सभेस हजर नसतात इतकेच.

ह्याच्याही मागे एक कारण आहे, आणि ते महाराष्ट्रातील वाचकांनी नीट लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडील १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात बागेच्या जागा वेगळ्या, मैदानांच्या वेगळ्या व शाळांच्या वेगळ्या राखून ठेवितात. म्हणजे आराखडा करणाराने शाळेचा विचार केलेला असतो. तिच्यासाठी तुकडा दाखविलेलाही असतो. पुढे काय होते? त्याच कायद्याचे १२७ वे कलम असे आहे की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी; व त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण आपोआप सुटते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, हल्ली चोवीस महिन्यांची आहे. दहा वर्षे झोप, वर दोन वर्षांची सवड, आणि तरीही शाळेची जागा हातची जाते. मालकाचा ह्यात दोष नाही. त्याने आपली मिळकत किती दिवस अडकवून ठेवावी? दोष त्याचा, ज्याने पैशांची तरतूद केली नाही, किंवा नोटीस आली ती टेबलाच्या खणात ठेविली. शाळेच्या जागेवर मग पाच मजली इमारत उभी राहते. तिच्यात राहावयास कुटुंबे येतात, त्यांस मुले होतात, त्या मुलांस शाळा हवी असते. आणि नगरपालिकेची दृष्टी समोरच्या बागेवर जाते! शाळेची जागा हरवणारे हात तेच, आणि बागेची जागा सुचविणारे हातही तेच.

शाळेस दुसरी वाट नसतेच असेही नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पटसंख्या घसरल्यामुळे नगरपालिकांच्या कित्येक शाळांच्या इमारतींत वर्ग ओस पडले आहेत. एका इमारतीत सकाळ-दुपार अशी दोन सत्रे चालविणे आपल्याकडे नवीन नाही. जुनी बैठी शाळा पाडून तिच्याच पायावर मजले चढविता येतात. ह्यांत खर्च आहे, कटकट आहे, आणि पायाभरणीच्या समारंभास लागणारी ती कोरी करकरीत जागा नाही. म्हणून हे उपाय शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

शाळेस मैदान हवे, हा तर कायदाच आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यास अनुसरून २००९ साली जो कायदा झाला त्याच्या परिशिष्टात, शाळेस काय काय असलेच पाहिजे ह्या यादीत, वर्गखोल्या, मुलामुलींस निरनिराळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी ह्यांच्या जोडीने क्रीडांगणाचे नाव आहे. २०२३ साली हरियाणातील एका खेड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. तेथे शाळेच्या मैदानासाठी असलेल्या जागेवर लोकांनी घरे बांधली होती, व बाजारभावाने पैसे घेऊन ती कायम करावी असा हुकूम खालच्या न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मैदानावाचून शाळा असू शकत नाही असे बजावले. आणि जागा सोडण्यास बारा महिने दिले. ज्या कायद्याने शाळेच्या अंगणातून घर उठविले, तोच कायदा शाळेने मुलांच्या बागेत घर करावे म्हणून हाक देईल काय?

आमच्या दादरचे उदाहरण घ्या. शिवाजी पार्कच्या आसपास शाळा थोड्या नाहीत. त्या मैदानावर बांधल्या नाहीत म्हणूनच मैदान सर्वांचे राहिले, व त्यावर सर्व शाळांची मुले खेळली. शारदाश्रमाचा सचिन तेंडुलकर रमाकांत आचरेकरांच्या नजरेखाली तेथेच तयार झाला. आणि १९८८ साली त्याने व विनोद कांबळीने ६६४ धावांची जी भागी केली ती आझाद मैदानावर, म्हणजे पुन्हा एका सार्वजनिक मोकळ्या जागेवर. त्या जागी कोणी शहाण्या माणसाने चांगली चार मजली शाळा बांधली असती, तर तिच्यातून काही मॅट्रिक झालेले विद्यार्थी अवश्य बाहेर पडले असते, हे आम्ही नाकारीत नाही.

दुसरा एक युक्तिवाद फार कानावर येतो. 'ही बाग नावाचीच आहे. येथे कचरा पडतो, रात्री पत्ते कुटतात, गवत माजले आहे. त्यापेक्षा शाळा काय वाईट?' हे म्हणणारा जर शेजारचा गृहस्थ असेल तर त्याचा वैताग आम्ही समजू शकतो. परंतु हेच म्हणणे नगरपालिकेच्या तोंडी आले म्हणजे हसावे की रडावे कळत नाही. कचरा उचलणे तिचे काम, दिवे लावणे तिचे काम, माळी नेमणे तिचे काम. गाईस वैरण घालावयाची नाही आणि भाकड म्हणून विकावयास काढावयाची, असला हा व्यवहार आहे.

आता बागेच्या बाजूने भांडणाऱ्या मंडळींस दोन शब्द. त्यांचा कायदा बरोबर असला तरी त्यांचे वर्तन नेहमीच निर्मळ असते असे नाही. 'शाळा नको' ह्याचा अर्थ कित्येकदा 'पलीकडच्या वस्तीतील मुले आमच्या गल्लीत नकोत' एवढाच असतो. शाळेचे वाद मिटल्यावर बागेच्या फाटकास कुलूप लागते, 'चेंडू खेळू नये' अशी पाटी लागते, आणि मोलकरणीचा मुलगा झोपाळ्यावर बसला तर रखवालदार त्यास हुसकून देतो. अशा लोकांनी सरिता विहारचा निकाल हाती घेऊन मिरवू नये. न्यायालयाने बाग राखली ती सर्वांची म्हणून. चार सोसायट्यांचे परसू म्हणून नव्हे. ज्यांस कायद्याचे संरक्षण हवे त्यांनी फाटक उघडे ठेवावे, आणि शेजारच्या शाळेस मैदान नसेल तर तिच्या मुलांस रोज दुपारी तेथे खेळू द्यावे. शाळा आणि बाग ह्यांचे खरे नाते हेच. आणि ते जमविण्यास एक वीटही लागत नाही.

आराखडा म्हणजे ब्रह्मलिखित, त्यात कधीच फेर होऊ नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. शहर वाढते, वस्ती सरकते. एखाद्या भागात खरोखरच दुसरी जागा उरलेली नसेल. अशा वेळेकरिता आपल्या कायद्यात ३७ वे कलम आहे. आराखड्याचे स्वरूप न पालटता त्यात किरकोळ फेरफार करावयाचा असल्यास नगरपालिकेने राजपत्रात व इतर रीतीने नोटीस प्रसिद्ध करावी, एक महिन्यात लोकांच्या हरकती व सूचना घ्याव्या, ज्यांस बाध येतो त्यांचे ऐकावे, आणि मग राज्य सरकारच्या मंजुरीस पाठवावे. ह्या वाटेने जाऊन, आणि जेवढी बाग जाते तेवढी जागा त्याच वस्तीत आधी मोकळी करून देऊन, मग जर कोणी शाळा मागेल, तर त्याचा विचार आम्ही प्रथम करू. 'आधी' हा शब्द आम्ही जाणून लिहिला आहे. बदली बाग 'नंतर' देण्याची वचने कागदावरच राहतात.

सरिता विहारच्या निकालात शेवटी एक गोष्ट न्यायालयाने खेदाने नमूद केली आहे. बेकायदा बांधकाम पाडले जाते, बेकायदा देणगी रद्द होते. परंतु ज्या अधिकाऱ्यांनी ती दिली ते मोकळे सुटतात, आणि तसे होणे योग्य नाही. तीस वर्षे होऊन गेली. त्या शाळेच्या पालकांस सहा महिन्यांत दुसरी व्यवस्था पाहावी लागली, संस्थेचा बांधकामाचा पैसा बुडाला, रहिवाशांस सर्वोच्च न्यायालयापर्यंत खर्च करावा लागला. ज्याच्या सहीने हे सर्व झाले त्याचा खर्च किती झाला?

२००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्या हाती आहे. बागेच्या जागेविषयी एखादा ठराव येणार अशी कुणकुण लागताच त्या प्रकरणातील टिपणे, मंजूर आराखड्याची प्रत व सह्या करणारांची नावे मागावी. ३७ व्या कलमाखालील नोटीस वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. ती वाचावी, आणि हरकत तोंडी न सांगता लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. एक महिना हा फार थोडा अवधी आहे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ती नोटीस निघाली असेल तर तो आणखीच थोडा.